घाटात आहे, नंतर बोलतो

बुलढाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की नाव-आडनाव नंतर. आधी तो घाटावरचा की घाटाखालचा, एवढं पक्कं करून घेतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याची तशी वाटणीच करून ठेवली आहे. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. खाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. घाटावरचे म्हणतात, खाली जीव भाजून निघतो. घाटाखालचे म्हणतात, वर शेतात दगडच दगड. दोघांचं एकमत फक्त एका गोष्टीवर आहे, ती म्हणजे घाटात फोन लागत नाही.

या एकमतावर जिल्ह्याचं निम्मं सामाजिक जीवन चालतं. "घाटात आहे, नंतर बोलतो" हे वाक्य इथं जेवढं बोललं जातं तेवढा रामरामही घातला जात नसेल. पतसंस्थेच्या वसुलीवाल्याला घाटात आहे. विम्याच्या एजंटाला घाटात आहे. लग्नाला का आला नाहीत, असं विचारणाऱ्या मामेसासऱ्यांच्या वेळी तर राजूर घाट आणि बोथा घाट एकदमच लागतात. चिखलीच्या बाजारात कोथिंबीर निवडत उभा असलेला माणूसही घाटात असतो. मागून भाजीवालीची "दहाला दोन जुड्या" ही आरोळी फोनमधून खणखणीत पलीकडं जाते. पण पलीकडचाही जिल्ह्यातलाच. कोणत्या घाटात कोथिंबीर विकतात, असं तो विचारत नाही. उद्या त्यालाही घाटात जायचं असतं.

खोटा घाट असा कामाचा; खरा घाट मात्र माणसाचं नुकसान करून जातो. मलकापूरहून मोताळ्यामार्गे बुलढाण्याला येणाऱ्या एसटीत बसा. राजूर घाट लागेपर्यंत गाडीतले निम्मे लोक फोनवर असतात. माझ्या पुढच्या बाकावर एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ होते, मांडीवर पिशवी, पिशवीवर कोपर, कोपरावर फोन. पलीकडं खामगावच्या बाजार समितीतला अडत्या.

"हां, बोला शेठ. आवाज येऊन राह्यला का? काय भाव निघाला म्हनता? चार हजार..."

तेवढ्यात गाडी वळली. खिडकीच्या काचा एकमेकींवर आपटल्या.

"चार हजार किती? हॅलो! शेठ, चार हजार किती? हॅलो, हॅलो!"

भावातले हजार गाडीत पोचले होते, शेकडे दरीत पडले होते. आता तो प्रश्न एकट्या टोपीवाल्यांचा राहिला नाही. मागून कुणी म्हणालं, "दोनशे म्हनले असतीन." दुसरा म्हणाला, "काय दोनशे? कालच वर गेलता भाव." एका बाईंनी, "पन्नास तं नक्की असतीन," असा धीर दिला. कंडक्टर तिकिटाचं मशीन बगलेत धरून म्हणाले, "काका, वर गेल्यावर लावा." काका म्हणाले, "तवरोक माल इकून टाकन ना थो!" आणि झालंही तसंच. घाट चढून गाडी सपाटीला लागली, फोन वाजला. सगळी गाडी कान देऊन बसलेली. काकांचा चेहरा उतरत गेला. फोन खिशात टाकत ते म्हणाले, "मी हॅलो हॅलो करून राह्यलो, त्याले हो हो आयकू गेलं. देऊन टाकला म्हने."

त्या वळणावर काय झालं, हे शेठला ठाऊक नाही, काकांनाही नाही. दोघं आपापल्या कंपनीला शिव्या देऊन मोकळे झाले. पण तिथं जे फसलं, ते एरवी दिवसभरात असंख्य वेळा बिनबोभाट पार पडतं.

आपण चालत्या गाडीत बोलत असतो तेव्हा फोन एकट्या आपल्या टॉवरवर विसंबून राहत नाही. तो शेजारच्या टॉवरांवरही नजर ठेवून असतो. जुन्या जीएसएम पद्धतीत फोन दर ४८० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदात साधारण दोनदा, वर अहवाल धाडतो: माझ्या टॉवरचा जोर इतका, शेजारच्या सहा चांगल्यांचा जोर इतका इतका. आपण बायकोला "आलोच" म्हणतो तेवढ्यात हे दोन अहवाल जाऊन पोचलेले असतात, आणि ते आपल्या "आलोच"पेक्षा कितीतरी खरे असतात. ते वाचून टॉवर बदलायचा की नाही, हे नेटवर्क ठरवतं. फोरजीत तर टॉवरच एकमेकांशी बोलतात. पहिला दुसऱ्याला विचारतो, माझा एक माणूस तुमच्याकडं निघालाय, जागा आहे का? दुसरा जागा राखून ठेवतो आणि तसं कळवतो. मग पहिला फोनला हुकूम सोडतो, जा. फोन जुन्याला सोडतो, नव्याला धरतो. मधे पडणारा खंड साधारण पन्नास मिलिसेकंदांचा, पापणी लवायला लागणाऱ्या वेळाहून कमी. त्या खंडात जुन्या टॉवरकडं आलेलं बोलणं तो टाकून देत नाही, नव्याकडं पाठवून देतो. याचं नाव हॅन्डओव्हर.

सरकारी कचेरीतला चार्ज पाहिलेल्या माणसाला ही सगळी थट्टा वाटेल. तिथं जुने साहेब कार्यमुक्त झालेले असतात, नवे रुजू व्हायचे असतात आणि कपाटाची चावी कुणाकडं आहे, हे फक्त शिपायाला माहीत असतं. दाखल्यासाठी आलेला माणूस दोन साहेबांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा. जुने म्हणतात, मला आता सही करता येत नाही. नवे म्हणतात, मी अजून चार्ज घेतला नाही. टॉवरांच्या कचेरीत हे चालत नाही. आधी नव्यानं लेखी कळवायचं की टेबल-खुर्ची तयार आहे. मगच जुन्यानं सोडायचं. आणि सोडल्यावरही आपल्या टेबलावर उशिरा आलेले कागद इमानानं पुढं धाडायचे. फायली कुलपात घालून अर्जित रजेवर जायची सोय टॉवरला नाही.

ही शिस्त आपोआप आली नाही. जमिनीचे षटकोनी तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला छोटा टॉवर द्यावा, ही कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डी. एच. रिंग यांनी १९४७ सालीच कागदावर मांडली होती. पण माणूस एका तुकड्यातून दुसऱ्यात गेला तर चालू बोलण्याचं काय करायचं, हा पेच राहिला. त्यावरच्या उपायाचं पेटंट त्याच बेल लॅब्सच्या एमॉस जोएल यांना मिळालं ते १९७२ साली. आणि शिकागोत तशी सेवा लोकांच्या हाती पडायला १९८३ साल उजाडलं. कल्पना ते अंमलबजावणी छत्तीस वर्षं. आमच्याकडच्या एखाद्या पाझर तलावाच्या फायलीला हा वेग मुळीच परका वाटणार नाही. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. दोघंही जागेवर बसून बोलले असावेत. मंत्री बोलायचे ते तेव्हा बसूनच बोलायचे.

हॅन्डओव्हरच्या दोन तऱ्हा आहेत. आधी कार्यमुक्त, मग रुजू, ही पहिली. जीएसएम आणि फोरजी याच तऱ्हेनं चालतात. क्षणभर का होईना, फोन कुणाचाच नसतो. दुसरी तऱ्हा सीडीएमए पद्धतीची. तिथं जुना आणि नवा दोघंही काही काळ एकाच वेळी चार्जवर असायचे, आणि नव्याचा जम बसला की मगच जुना बाजूला व्हायचा. २००३ साली रिलायन्सनं ५०१ रुपयांत फोन दिला तेव्हा ज्यांनी ज्यांनी तो घेतला, ते ही दुहेरी चैन खिशात घेऊन हिंडत होते. त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी ५०१ रुपयांपुढं त्यांनी ऐकलं नसतं.

खरं तर आमच्या जिल्ह्याला दोन्ही तऱ्हांचा अनुभव टेलिफोनच्या शोधाआधीपासून आहे. १७२४ साली सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला मोठी लढाई झाली. निजामानं बादशहाच्या बाजूचा मुबारिजखान तिथं मारला आणि दख्खनचा चार्ज मुघलांकडून स्वतःकडं घेतला. ही पहिली तऱ्हा. जुन्याला कार्यमुक्त करायची पद्धत तेवढी जरा कडक. मग १८५३ साली निजामानं आमचा वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, आणि इथं दुसरी तऱ्हा सुरू झाली. कारभार इंग्रजांचा, मालकी निजामाची. १९०२ साली कायमचा भाडेपट्टा झाला, १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, तरी मालकी कागदोपत्री निजामाचीच. १९३६ साली तर निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. कलेक्टर एकाचा, युवराज दुसऱ्याचा. सीडीएमएला जे दोन-चार सेकंद जमायचं, ते वऱ्हाडानं नव्वदेक वर्षं चालवलं. पुढं १९५६ ला मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. यातल्या कोणत्याही हॅन्डओव्हरच्या वेळी तुमच्याकडं सिग्नल कसा आहे, असं शेतात नांगर धरलेल्या माणसाला कुणी विचारलं नाही. या बाबतीत मोबाइल कंपनी बरी. ती निदान सेकंदाला दोनदा विचारते.

एवढी चोख व्यवस्था असताना राजूर घाटात काकांचे शेकडे पडले कसे? चार्ज द्यायला उशीर झाला म्हणून.

शेजारचा टॉवर जरा बरा दिसला की लगेच उडी मारायची, असं नेटवर्क करत नाही. तसं केलं तर दोन टॉवरांच्या मधोमध राहणाऱ्या माणसाचा फोन दिवसभर इकडून तिकडं उड्या मारत बसेल. इंजिनियर लोक याला पिंगपाँग म्हणतात. आमच्याकडं निवडणुकीच्या आधी महिनाभर त्याला वेगळी नावं असतात. म्हणून अट अशी की नवा टॉवर जुन्यापेक्षा काही डेसिबलांनी, समजा तीन डेसिबलांनी, सरस हवा आणि ती सरशी ठरावीक वेळ टिकायला हवी. तोवर थांबायचं. सपाटीवर हा शहाणपणा उत्तम चालतो. घाटात मात्र गाडी वळण घेते आणि खालचा टॉवर काळ्या पाषाणाच्या अख्ख्या कड्यामागं जातो. एका क्षणी चांगला, पुढच्या क्षणी गायब. फोन अहवाल लिहितो, पण तो पोचत नाही. नेटवर्क हुकूम सोडतं, तो पोचत नाही. नवा टॉवर वर जागा राखून वाट बघत बसलेला, आणि त्याच्याकडं जा, असं सांगणारा खाली अडकलेला. फोरजीचा फोन सेकंद-दोन सेकंद तग धरतो, हाका मारतो आणि मग सोडून देतो. त्या सेकंद-दोन सेकंदांत आपण 'हॅलो' म्हणत असतो आणि पलीकडच्याला त्यातला सोयीचा तेवढा भाग ऐकू जातो.

उशिरा झालेला हॅन्डओव्हर हा पहिला दोष. लवकर झालेला हा दुसरा: नव्याचा जम बसण्याआधीच जुन्यानं सोडायचं. तिसरा दोष चुकीच्या टॉवरकडं जाण्याचा, आणि आमच्या भूगोलाला तो फार मानवतो. घाटाच्या कडेवर उभा असलेला टॉवर खालच्या सपाटीवर दूरवर दिसतो. खाली एखाद्या धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, उभं राहून बोलणाऱ्याचा फोन जवळचे टॉवर सोडून त्या वरच्यालाच जाऊन चिकटतो. त्या वरच्याच्या शेजाऱ्यांच्या यादीत मात्र खालचं हे गाव नसतंच. त्यामुळं माणूस जिना उतरला की त्याला पुढं कुणाकडं सोपवावं, हे वरच्याला उमगत नाही. घाटावरच्यांनी घाटाखालच्या भानगडीत पडू नये, हे शहाण्यासुरत्यांचं मत विज्ञानालाही मान्य आहे, ते असं.

घाटात हळू जाऊन फसतं म्हणावं, तर समृद्धी महामार्गावर वेगानं जाऊन फसतं. डिसेंबर २०२२ पासून हा रस्ता मेहकर, लोणार, सिंदखेडराजा तालुक्यांतून गाड्या पळवतोय. वेगमर्यादा ताशी १२०, म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर. टॉवरचा टापू तीन-चार किलोमीटरचा धरला तर दोन मिनिटांत संपतो. पूर्वी एक तक्रार एका टॉवरवर सुरू होऊन त्याच टॉवरवर संपायची. आता सुनेबद्दलचं बोलणं मेहकरच्या अलीकडं सुरू होतं, दुसरबीडला रंगात येतं आणि सिंदखेडराजाला अश्रूंपर्यंत पोचतं. तोवर ते इतक्या टॉवरांच्या हातातून गेलेलं असतं की घरातली गोष्ट घरात राहिली, असं म्हणायला तोंड उरत नाही.

रेल्वेची गंमत आणखी वेगळी. फोन खिशात गप्प असतो तेव्हा कोणता टॉवर धरायचा, हे तो स्वतःच ठरवतो. नेटवर्कला फक्त तो अनेक टॉवरांच्या कोणत्या मोठ्या टापूत आहे एवढं कळवतो. कुणाचा फोन आला तर त्या टापूतल्या सगळ्या टॉवरांवरून पुकारा होतो. आता मलकापूर सोडून नांदुऱ्याकडं निघालेली भरगच्च एक्स्प्रेस अशा दोन टापूंमधली हद्द ओलांडते तेव्हा काय होत असेल, बघा. जनरलच्या डब्यात एका पायावर उभे असलेले आणि एसीत पांघरूण घेऊन घोरणारे, सगळ्यांचे फोन एकाच दमात "मी आलो, मी आलो" म्हणून हजेरी लावतात. माणसं झोपलेली आणि खिसे ओरडतायत. टॉवरला तोंड असतं तर तो "एक एक करून बोला" म्हणाला असता. बोलता येत नाही म्हणून तो काहींना थोडं थांबवून ठेवतो, इतकंच.

शेगावात जागेचाच प्रश्न. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला लोटणारी गर्दी दर्शनाच्या रांगेत शिस्तीत चालते. सेवेकऱ्यांची व्यवस्थाच तशी. त्याच गर्दीतले फोन मात्र सगळे एकाच टॉवरच्या दारात उभे. अशा वेळी जोर चांगला असूनही टॉवर काहींना शेजाऱ्याकडं सरकवतो, भार वाटून घेण्यासाठी. म्हणजे महाराजांच्या दारात पट्ट्या भरलेल्या दिसतात आणि फोन लागत नाही. भाविक म्हणतो, महाराजांचीच इच्छा, दर्शन घेईपर्यंत कुणाशी बोलू नको. याहून चांगलं ग्राहकसेवेचं उत्तर कोणत्याही कंपनीला सुचलेलं नाही.

उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या डोक्यावर सातपुडा. पलीकडं मध्य प्रदेशचा बऱ्हाणपूर जिल्हा. डोंगराच्या कुशीतल्या शेतात माणूस स्वतःच्या बाभळीखाली बसलेला असतो आणि फोन त्याचं परराज्यात हिंदीतून स्वागत करतो. फोनच्या लेखी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही दोन वेगळी दूरसंचार मंडळं. सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे तो बघत नाही, ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडं जातो. रोमिंगला पैसे पडायचे त्या काळात अशा शेतांत बोलण्याचे धुरे ठरलेले असायचे. विहिरीजवळ महाराष्ट्र, गोठ्याजवळ मध्य प्रदेश. सासुरवाडीचा फोन आला की मालक मुद्दाम गोठ्याकडं जायचा आणि "रोमिंगवर आहे, पैसे कापून राह्यले," म्हणून मोकळा व्हायचा. याच जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. त्या मांडणीतून पावसापासून पिकापर्यंत आणि राजापासून शत्रूपर्यंत सगळ्याचं भाकीत निघतं. रेंजचं भाकीत काढायचं मात्र तिथंही कुणी मनावर घेत नाही. जोखीम कुठवर घ्यावी, याचंही एक तारतम्य असतं.

रोमिंग कसं करावं, ते दाखवून दिलं एका वाघानं. सी-वन असं त्याचं सरकारी नाव. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली होती. २०१९ साली तो निघाला तो तेलंगणात जाऊन, जिल्ह्यामागून जिल्हे ओलांडत, सुमारे १,३०० किलोमीटर चालून डिसेंबरच्या सुमाराला आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन ठेपला. बोथा घाट याच जंगलातून जातो. ज्या घाटात आमच्या फोनचा जीव जातो, तिथून वाघाचा ठावठिकाणा वनखात्याला बरोबर कळत होता, कारण त्याची कॉलर थेट उपग्रहाशी बोलत होती. मधे टॉवर नाही, शेजाऱ्यांची यादी नाही, कुणी कुणाला चार्ज देणं नाही. तो कशाला आला असावा, यावर तज्ज्ञांचं म्हणणं असं की हद्द, शिकार आणि जोडीदारीण यांच्या शोधात. हद्द मिळाली, शिकार मिळाली; वाघीण मात्र ज्ञानगंगेत नव्हतीच. घाटावरच्या पारावर मंडळी हळहळली. शेतकऱ्याच्या पोराला पोरगी मिळत नाही, हे दुःख इथं ओळखीचं आहे. तेराशे किलोमीटर पायपीट करून स्थळ पाहायला आलेला पाहुणा तसाच बसून राहिला, आणि त्याला "घाटात आहे, नंतर बोलतो" असं सांगायलाही कुणी नव्हतं.

हॅन्डओव्हरच्या नशिबी मोठेपणा नाही. मेहकरहून बोलत निघालेला माणूस अखंड बोलत चिखलीला पोचला, तर "फोनची बॅटरी भारी आहे," म्हणतो. वाटेत कुणी कुणाच्या हाती त्याला किती वेळा अलगद दिलं, हे त्याच्या गावीही नसतं. घाटातलं एक वळण फसलं की मात्र खापर सगळ्यांच्या डोक्यावर. कंपनीच्या, टॉवरच्या, टॉवरला जागा न देणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि टॉवरला जागा देऊन भाडं खाणाऱ्या शेतकऱ्याच्याही.

आणि आता ते फसणंही हातचं जाणार, अशी लक्षणं आहेत. मोबाइल न पोचलेल्या २४,६८० गावांत फोरजी नेण्यासाठी केंद्र सरकारनं २०२२ साली २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. फाइव्हजीच्या नव्या नियमांत तर फोनला आधीच सांगून ठेवायची सोय आहे की अमुक स्थिती आली तर हुकमाची वाट बघू नकोस, सरळ तमक्या टॉवरकडं जा. म्हणजे वळणाच्या अलीकडंच चार्जचा आदेश खिशात. अशानं राजूर घाटात कॉल तुटणार नाही, बोथा घाटात तुटणार नाही. वसुलीवाल्याला काय सांगायचं? मामेसासऱ्यांना काय सांगायचं? जिल्ह्यातल्या किती सोयरिकी त्या दोन घाटांनी टिकवून धरल्यात, याचा हिशेब दिल्लीत कुणी केलेला दिसत नाही.

पण फार घाबरायचं कारण नाही. फोन थेट उपग्रहाशी जोडायचे बेत जगभर चालू आहेत, आणि त्यासाठीचे उपग्रह जमिनीपासून काहीशे किलोमीटरवरून सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटरच्या वेगानं धावतात. एक उपग्रह डोक्यावर काही मिनिटंच टिकतो. तो मावळायच्या आत दुसऱ्याच्या हाती बोलणं सोपवावं लागतं. आजवर टॉवर उभा असायचा आणि माणूस पळायचा. यापुढं माणूस ओट्यावर पाय पसरून बसलेला असेल आणि टॉवर पळत असेल. घाट चढायची गरज नाही, एसटी नाही, वळण नाही. घरबसल्या दर काही मिनिटांनी हॅन्डओव्हर. वसुलीवाल्याचा फोन आला की माणूस चहाची बशी खाली ठेवून, वर आभाळाकडं बघत, पहिल्यांदाच शंभर टक्के खरं बोलेल, "भाऊ, टावर बदलून राह्यला, नंतर लावा."